रा. फिरस्ता

जबाबात, पंचनाम्यात, जामिनाच्या कागदावर
नावामागून येतं 'रा.'
आणि त्यापुढचं टिंब.
तेवीस वर्षं मी हे टिंब देतोय,
त्यावर कधी थांबलो नव्हतो.

मागल्या महिन्यात एका रात्री गाडीतून आठ जण उतरवले,
स्वारगेटच्या पुलाखालचे, मार्केट यार्डाच्या भिंतीकडचे.
शहरात पाहुणे येणार होते,
कुठले ते आम्हाला सांगत नाहीत.
पुलाच्या खांबांवर मोर रंगवून झाले होते,
खाली कुंड्या.
कुंड्यांना पाणी घालायला टँकर येतो रात्री दोनला.

सातांचं पटापट झालं. मजकूर तयारच असतो:
सदर इसम अंधारात
स्वतःचे अस्तित्व लपवून मिळून आला.
मिळून आला,
जणू कोणी शोधतच होतं.
आणि लपवतात कसलं, कालव्याकडेला डास असतात,
चादर डोक्यावरून घ्यावी लागते.
हे मला ठाऊक आहे. त्याला रकाना नाही.

आठवी सोजर. सोजरबाई अंबऋषी घोडके.
वय तिला सांगता येईना, मी साठ टाकलं.
"टाका. जास्त झालं तर माघारी द्या."
रा.?
"रा म्हंजी?"
राहणार.
"राहणार की. जाणार कुठं?"

हवालदार तनपुरे हसला. मीही.
मग लिहिलं, फिरस्ता.
अकरा वर्षं ती एकाच भिंतीला पाठ लावून झोपते.
फिरलो असेन तर मीच:
खडक, फरासखाना, कोंढवा, बंडगार्डन,
दर बदलीला भांडी खोक्यात
आणि मुलीची शाळा नवी.

पुढचं वाक्य कायद्यातलं. वाचून दाखवावं लागतं, दाखवलं:
उदरनिर्वाहाचे दृश्य साधन नाही.
"दृश्य म्हंजी?"
दिसेल असं.

तिनं अंबाड्यात हात घातला
आणि दाभण काढलं.
वीतभर, वापरून वापरून चांदीसारखं झालेलं.
माझ्या वहीवर आडवं ठेवलं.
"हे बघा. दिसतंय का?
कांद्याची फाटकी बारदानं शिवते मी.
पोत्यामागं दीड रुपया.
पाच गाळ्यांचं काम माझ्याकडं हाय."

दिसलं. सगळ्यांनाच दिसलं.
तनपुरे दोन पावलं मागे सरकला.
साहेबांनी आतून विचारलं, काय आहे ते?
आणि मी लिहिलं,
अक्षर माझं चांगलं आहे, सगळे म्हणतात,
मी लिहिलं:
एक लोखंडी टोकदार वस्तू, लांबी अंदाजे सात इंच,
पंचांसमक्ष जप्त.

पाकिटात घालून लाख लावताना
ते कागद फोडून बाहेर आलं, बोटात गेलं.
"आडवं धरा की," ती म्हणाली,
"उभं धरलं की टोचतंय."

सकाळी शिवाजीनगरला कोर्टात नेली.
चौकशी, तारीख, परत तारीख,
मग भिक्षेकरी गृह, एक वर्ष.
आता तिच्या रा.पुढे लिहायला पत्ता आहे,
पिनकोडसकट.

दाभण मुद्देमालाच्या खोलीत.
तिथे छपरापर्यंत पोती रचलीत, उंदरांनी फोडलेली.
एकातून कुणाची तरी चप्पल डोकावते,
एकातून गोधडीचा कोपरा, अॅल्युमिनियमची ताटली.
उचललं की सांडतं.
पोती बदलून मिळावीत, असं दोनदा लिहून दिलं.
मंजुरी नाही.

काल यार्डातला एक गाळेवाला आला,
पायरीवर उभा राहून विचारत होता
ती बाई कधी सुटेल, चाळीस पोती पडलीत.
तक्रार आहे का? मी विचारलं.
तक्रार कसली, म्हणाला.
मग नोंद होत नाही.
बरं, म्हणाला,
आणि तिथेच जरा वेळ उभा राहिला.